दारच्या बदकांचा शिधा

बदके पाळणे हा आपल्या नगर जिल्ह्याचा, आता अहिल्यानगर जिल्हा म्हणायचे, पिढीजात धंदा नव्हे. बंगालमध्ये, आसामात, केरळात बदक हे घरचे पाखरू. तिकडे भाताची खाचरे आहेत, घराघराच्या मागे पुष्करणी आहे. केरळातल्या कुट्टनाडात तर कापणी झाली, की शेकड्यांनी बदके या शेतातून त्या शेतात हाकत नेतात. सांडलेले भात, गोगलगायी, किडे, बेडूक जे मिळेल ते टिपत बदके पुढे सरकतात आणि मालकाला दाण्यांचा खर्च असा फारसा येत नाही. आपल्याकडे ती सोय नाही. अकोल्याचा डोंगरी, भाताचा भाग सोडला तर आपला मुलूख ज्वारी-बाजरीचा. आणि पाथर्डी, पारनेर, जामखेडकडचे लोक तर उन्हाळ्यात पाणी टँकरची वाट पाहून भरतात. तिथे बदक पोहणार कुठे आणि खाणार काय?

तरीही अलीकडे बदके दिसू लागली आहेत खरी. शेततळी झाली, आणि तळे म्हटले की माणसाला बदक आठवतेच. कुणी मुलांच्या हौसेखातर आठवडी बाजारातून दोन पिले आणतो, कुणी अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल मागवतो. मग चार दिवसांनी प्रश्न पडतो, की याला घालायचे काय? शेततळ्याच्या भरवशावर राहता येत नाही. त्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर किडामुंगी वा गोगलगाय फारशी वाढत नाही. शिवाय तो उतार इतका निसरडा, की लहान पिलू आत उतरले तर बाहेर यायला त्याला फळी लावून द्यावी लागते. म्हणजे आपल्या भागातले बदक जगायचे ते मालकाने घातलेल्या शिध्यावर. म्हणून हा शिधा पोषक कसा असावा आणि तो खिशाला परवडावा कसा, एवढ्यापुरताच विचार येथे करू.

प्रथम बदकाच्या चोचीकडे पाहा. कोंबडीची चोच म्हणजे चिमटा. ती दाणा वेचते. बदकाची चोच म्हणजे गाळणी. तिच्या दोन्ही कडांना बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाणी आणि चिखल तोंडात घ्यायचा, पाणी कडेने सोडून द्यायचे आणि आत राहील ते गिळायचे, अशी तिची रीत. तेव्हा बदकाला कोरडे पीठ घालू नये. ते चोचीला लिबलिबीत चिकटते, पुष्कळसे वाया जाते, आणि घाईने गिळले तर घशात अडकते. भरडा असेल तर तो भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल असा भिजवावा आणि खाद्याशेजारी पाणी ठेवावेच ठेवावे. पोहायला तळे नसले तरी एक वेळ चालेल, पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल आणि डोळे धुता येतील एवढे खोल भांडे हवे. मोठ्या बदकाला आपले बांधकामावरचे घमेले यासाठी उत्तम. पिलांना मात्र उथळ भांडे द्यावे, नाही तर ती त्यात भिजून गारठतात. भिजवलेले खाद्य आपल्या चैत्र-वैशाखात तीन-चार तासांत आंबते. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी ताजे भिजवावे, उरलेले उचलून टाकावे आणि भांडे घासावे.

आता घरोघरी काय घालतात ते पाहू. पाव, शेव-चिवडा, शिळा भात, भाकरीचे तुकडे. यांपैकी भाकरी आणि भात बिचारे निरुपद्रवी. भिजवून थोडे दिले तर हरकत नाही. पावाने मात्र पोट भरते आणि अंग भरत नाही. बदक ते आवडीने खाते म्हणून आपल्याला वाटते त्याला हे मानवते. आवडीचा आणि पोषणाचा संबंध किती, हे घरात लहान मूल असणाऱ्या कोणत्याही आईला विचारा! शेव, फरसाण, लोणचे, पापड यांतले मीठ पाखराच्या मूत्रपिंडांना झेपत नाही; ते कटाक्षाने टाळावे.

दुसरी चूक गोठ्याशेजारच्या घरात होते. गाईला आणलेली गोळी पेंड दारात पोत्यात आहेच, तर मूठभर बदकालाही टाकावी, असे वाटणे साहजिक आहे. पण गाईच्या गोळी पेंडीत पुष्कळदा युरिया मिसळलेला असतो. गाय रवंथ करणारी. तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजंतू त्या युरियाचे प्रथिन बनवतात. बदकाकडे ती कोठी नाही, ते जंतू नाहीत. त्याच्या दृष्टीने युरिया म्हणजे केवळ विष. सरकीच्या पेंडीचेही तसेच. तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाय ते बऱ्याच अंशी पचवून टाकते, पाखराला ते बाधते, आणि अंड्यातला बलक साठवणीत हिरवट-तपकिरी पडतो. तेव्हा गाईचे ते गाईला, बदकाचे बदकाला.

मग कोंबडीचे खाद्य चालेल का? हा प्रश्न शहाणा आहे, आणि त्याचे उत्तर ‘बहुतांशी चालेल, पण’ असे आहे. या ‘पण’मध्येच बदकाच्या पोषणाची सगळी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व आहे. त्याची उणीव पडली तर माणसाला पेलाग्रा हा रोग होतो. उन्हाला उघडी राहणारी कातडी, विशेषतः गळ्याभोवतीची आणि हातापायांची, काळी-खरखरीत होते, पोट बिघडते, पुढे बुद्धीही भ्रमिष्ट होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा रोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थैमान घालीत होता. १९३७ साली एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या तशाच रोगावर निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, लागू पडते हे दाखवले आणि गाठ सुटली. आता मक्यात नायसिन नाहीच असे नाही. पण ते असे कुलूपबंद असते, की पोटाला त्याचा उपयोग नाही. मेक्सिकोतले लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्या चुन्याने ते कुलूप उघडते, म्हणून मका खाऊनही ते या रोगापासून पुष्कळसे वाचले.

हे झाले मक्याचे. आपल्या दख्खनच्या पठारावर पेलाग्रा दिसला तो ज्वारी खाणाऱ्यांत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग घेतला, आणि १९६० च्या सुमारास असे मत मांडले की ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते, आणि त्यामुळे शरीराचा नायसिनचा व्यवहार बिघडतो. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण नुसत्या ज्वारीवर, डाळ-भाजी-दुधावाचून, वर्षानुवर्षे काढणाऱ्या माणसाला हा रोग गाठतो, एवढे निश्चित.

तुम्ही म्हणाल, बदकाची गोष्ट सोडून हे कुठे चालले! तर संबंध असा. शरीर आपले काही नायसिन स्वतः घडवते, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून. माणूस घडवतो, कोंबडीही घडवते. बदकाच्या शरीरात मात्र या वाटेवर एक विकर असे जोरकस आहे की ते कच्चा माल मध्येच दुसऱ्या रस्त्याला वळवते. नायसिनच्या कारखान्यापर्यंत माल पोहोचतच नाही. म्हणून बदकाला नायसिन खाण्यातूनच मिळाले पाहिजे, आणि तेही भरपूर. कोंबडीच्या पिलाला किलोभर खाद्यात २७ ते ३५ मिलिग्रॅम पुरते. बदकाच्या पिलासाठी ५५ मिलिग्रॅम धरतात. ते कमी पडले तर आठ-पंधरा दिवसांत पिलू लंगडू लागते, पाय धनुष्यासारखे वाकतात, घोटे सुजतात, मग ते बसूनच राहते. लोक म्हणतात वारे लागले, थंडी बाधली, नजर लागली. खरे तर त्याला ज्वारीचा नाही तर मक्याचा नुसता भरडा चालू असतो. वेळीच ध्यानात आले तर पिलू सुधारते. हाडे वाकून घट्ट झाली की मग इलाज नाही.

याला उपाय महाग नाही. कोंबडीच्या पिलांचे तयार खाद्य घ्यावे आणि दर किलोला ४० ते ५० ग्रॅम वाळवलेले ब्रुअर्स यीस्ट मिसळावे. हे यीस्ट म्हणजे बेकरीत पीठ फुगवायला वापरतात ते जिवंत यीस्ट नव्हे. दुकानात मागताना नाव नीट सांगावे. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की सोलून, ठेचून घालावेत. त्यातही नायसिन चांगले असते. सुकट मिळाली तर ती बोटभर भिजवून, मीठ दोन पाण्यांत काढून द्यावी. तयार खाद्य घेताना आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. कोंबड्यांच्या पिलांच्या खाद्यात रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले असते. ते कोंबडीच्या वजनाच्या आणि खाण्याच्या बेताने घातलेले असते. बदक तिच्याहून जास्त खाते, तेव्हा औषधही जास्त जाते, आणि या औषधांपैकी काही बदकाला घातक ठरू शकतात. पोत्याच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव असेल तर ते पोते बदकासाठी घेऊ नये, निदान पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

तीन आठवडे झाले, पिलाला पिसे फुटू लागली, की घरचा शिधा सुरू करायला हरकत नाही. त्यात पहिला भाग धान्याचा. आपल्या भागात धान्याची निवड सोपी. रब्बीची ज्वारी, आपली मालदांडी, हे पाखराला फार चांगले धान्य. ती कोरड्या हवेत पिकते आणि माघ-फाल्गुनात निघते, म्हणून दाणा स्वच्छ, टपोरा राहतो. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागला तर काळी पडते, तिच्यावर बुरशी धरते. बाजारात ती स्वस्त मिळते आणि म्हणून ‘बदकालाच तर घालायची’ म्हणून घेतली जाते. ती घेऊ नये. बाजरीत प्रथिने ज्वारीपेक्षा थोडी जास्त, सुमारे ११ टक्के, आणि स्निग्धांशही जास्त. याच स्निग्धांशामुळे बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू होते, हे घरच्या बायकांना सांगावे लागत नाही. तेव्हा बाजरी भरडून ठेवू नये, लागेल तशी भरडावी. बाजरीच्या कणसावर चिकट मधासारखा स्राव येऊन पुढे काळ्या गाठी होतात, तो अरगट. तो विषारी असतो. पेरणीचे बी आपण मिठाच्या पाण्यात टाकून गाठी वर आल्या की काढतो. बदकाच्या बाजरीत अशा गाठी दिसल्या तर ती बाजरी सरळ दूर करावी. मका स्वस्त असेल तेव्हा मका चांगला, मात्र भरडूनच.

दुसरा भाग कोंड्याचा. गव्हाचा कोंडा गिरणीत मिळतो. अकोल्याकडे तांदळाच्या गिरणीतला बारीक कोंडा मिळतो. दोन्हीत नायसिन बरेच, पण थोडे कुलूपबंद. तांदळाचा कोंडा तेलकट असल्याने लवकर खवट होतो. हातावर घेऊन वास घ्यावा, एवढी परीक्षा पुरे.

तिसरा भाग पेंडीचा, आणि इथे फार जपायला हवे. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने ४० टक्क्यांहून जास्त, नायसिनही भरपूर, आणि आपल्याकडे घाण्यावर सहज मिळते. कागदावर पाहिले तर बदकासाठी याहून चांगली वस्तू नाही. पण १९६० साली इंग्लंडात काय झाले ते ऐका. त्या वर्षी तिथे टर्की नावाची मोठी कोंबडी पटापट मरू लागली. एक लाखाहून अधिक पक्षी गेले. रोगाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. बदकांची पिलेही मेली. साथ म्हणावी तर ती संसर्गाने पसरत नव्हती. शेवटी माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी. त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीची वाढ झाली होती आणि तिने एक विष तयार केले होते. बुरशीच्या नावावरूनच त्या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन ठेवले. ते थेट यकृतावर घाव घालते. गंमत, खरे तर गंमत कसली, अशी की हे विष सर्वांत लवकर कोणाला बाधते, तर बदकाच्या पिलाला. इतके लवकर, की पुढे प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात हे विष आहे की नाही हे पाहायला बदकाचे पिलूच वापरू लागले.

हे विष केवळ पाखरांपुरते नाही. १९७४ साली गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात अवेळी पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. आणि बुरशीची पेंड गाईने खाल्ली, तर या विषाचा एक प्रकार दुधात उतरतो. आपल्या दुधाच्या जिल्ह्यात ही गोष्ट साधी नव्हे. म्हणून घरात बदक असो वा नसो, ओलसर जागी ठेवलेली, गोळे झालेली, हिरवट-पिवळी बुरशी दिसणारी पेंड फेकूनच द्यावी. बुरशी खरवडून, उन्हात वाळवून, शिजवून हे विष जात नाही. आणि उलटही खरे, की डोळ्यांना बुरशी दिसली नाही म्हणून पेंड निर्दोष असेच नाही. यासाठी माझा सल्ला असा की पिलांना शेंगदाणा पेंड मुळीच घालू नये. मोठ्या बदकांना घालायची तर ती ताजी, उन्हाळ्यातली, चिमूटभरच, पावसाळ्यात नकोच.

मग पेंड कोणती? सोयाबीनची. तेल काढून उष्णता दिलेल्या सोयापेंडीत प्रथिने सुमारे ४५ टक्के, आणि तिच्यात या बुरशीचे भय बरेच कमी. पण घरचे सोयाबीन कच्चे भरडून घालू नये. कच्च्या दाण्यात एक द्रव्य असते, ते प्रथिने पचू देत नाही. दाणे चांगले भाजले तर ते नाहीसे होते.

आता परवडण्याचा हिशेब. भाव रोज बदलतात, म्हणून रीत सांगतो. पोत्याचा भाव पाहू नका, प्रथिनांचा भाव पाहा. समजा ज्वारी २५ रुपये किलो आहे आणि तिच्यात १० टक्के प्रथिने आहेत, तर किलोभर प्रथिनांसाठी ज्वारी १० किलो लागेल, म्हणजे २५० रुपये. सोयापेंड ५० रुपये किलो आहे आणि प्रथिने ४५ टक्के, तर किलोभर प्रथिनांना सव्वादोन किलो पेंड लागेल, म्हणजे सुमारे १११ रुपये. वरवर पाहता पेंड दुपटीने महाग, प्रथिनांच्या भावाने मात्र निम्म्याहून स्वस्त. पण म्हणून पेंडच घालायची असेही नाही. ऊर्जा धान्यातूनच यायची. दोन्हींचा मेळ घातला की खर्च कमी होतो.

तो मेळ असा घालता येईल. दहा किलो खाद्यासाठी ज्वारी, बाजरी आणि मका मिळून ५ किलो, कोंडा २ किलो, सोयापेंड पावणेदोन किलो, मीठ धुऊन वाळवलेल्या सुकटीचा चुरा ४०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ७०० ग्रॅम आणि पाखरांचे खनिज मिश्रण १५० ग्रॅम. यात प्रथिने सुमारे साडेसतरा टक्के येतात, अंड्यावरच्या बदकाला हे पुरते. सुकट चालत नसेल त्या घरात तिच्या जागी सोयापेंड तितकीच वाढवावी. वाढीच्या वयाचे बदक असेल, म्हणजे तीन आठवड्यांपासून अंड्यावर येईपर्यंत, तर त्याला धान्य ६ किलो, कोंडा अडीच किलो, सोयापेंड १ किलो ३०० ग्रॅम आणि खनिज मिश्रण २०० ग्रॅम. त्यात शिंपल्यांचा चुरा घालायचा नाही. हे लक्षात ठेवावे, कारण वाढत्या पाखराला चुना जास्त झाला तर तो मूत्रपिंडात साठतो. नर आणि माद्या एकत्र असतील तर शिंपले खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावेत. मादीला गरज असेल तेवढे ती आपोआप वेचते. घरची अंड्यांची टरफले भाजून, चुरून त्याच वाटीत टाकली तर शिंपल्यांचा निम्मा खर्च वाचतो.

मोठे बदक दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम कोरडे खाद्य खाते. दोन बदकांना महिन्याला ९ किलो, म्हणजे वरचे दहा किलो महिनाभर पुरून थोडे उरेल. पण पावसाळ्यात महिन्याचे खाद्य एकदम करू नये. हवेतला ओलावा पोत्यात शिरतो, आणि बुरशीची कथा आपण आताच ऐकली. तेव्हा जूनपासून दसऱ्यापर्यंत पंधरवड्याचेच करावे, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि डबा भिंतीपासून, जमिनीपासून दूर, दोन विटांवर ठेवावा.

खर्च कमी करायचा राजमार्ग हिरवळीचा. आपल्याकडे घास आहे! नगर जिल्ह्यात घास म्हणजे लसूणघास हे बाहेरच्याला सांगावे लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिची आरएल ८८ ही जात दिली. कोवळ्या घासाची पाने बारीक चिरून दिली तर बदके तुटून पडतात. शेवग्याची पाने, मेथीचे-पालकाचे बाजारात उरलेले कोवळे देठ, कोबीची वरची पाने हीही चालतात. मात्र औषध फवारलेली भाजी नको, आणि गोगलगायींसाठी विषारी आमिष टाकलेल्या शेतात बदक सोडूच नये. गोगलगाय बदकाला प्रिय. आमिष खाल्लेली गोगलगाय खाऊन बदक जाते. तसे विष नसेल तर बदकाइतका गोगलगायींचा शत्रू नाही. २०२२ साली मराठवाड्यात गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले, तेव्हा अनेकांना बदकाची आठवण झाली असेल.

अझोल्याची हवा गेली काही वर्षे फार आहे. खड्ड्यात कागद अंथरून, वीतभर पाणी आणि शेण घालून ही हिरवी पाणवनस्पती वाढवतात. ती चांगली, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. किलोभर ओल्या अझोल्यात पाणीच नव्वद टक्क्यांहून जास्त. कोरडा भाग ५० ते ७० ग्रॅम आणि त्यातली प्रथिने १२ ते १५ ग्रॅम. तीस ग्रॅम सोयापेंडीत तेवढीच असतात. शिवाय आपल्या उन्हाळ्यात सावली केली नाही तर अझोला पिवळा पडून मरतो. तोंडी लावणे म्हणून रोज मूठ-दोन मुठी धुऊन द्यावा, ताटातला भात म्हणून नको.

उन्हाळ्यात आणखी एक धोका संभवतो. ओढ्याची, तळ्याची पाणथळ डबकी आटू लागली, की त्यात मेलेले मासे-बेडूक कुजतात. त्यात एक जंतू वाढून विष सोडतो, आणि ते कुजके तुकडे किंवा त्यावरच्या अळ्या बदकाने खाल्ल्या तर त्याची मान लुळी पडते, पंख पडतात, श्वास बंद होतो. फेब्रुवारीनंतर अशा डबक्यांवर बदके सोडू नयेत; घरच्या घमेल्यातले स्वच्छ पाणी बरे.

शेवटची सूचना खाद्य बदलण्याची. आज तयार खाद्य आणि उद्या घरचे असे एकदम करू नये. बदक हट्टाने दोन-दोन दिवस तोंड लावत नाही. पहिले दोन-तीन दिवस एक चतुर्थांश नवे आणि बाकीचे जुने, मग निम्मे, मग पाऊण, असे आठ दिवसांत बदलावे. या आठ दिवसांत विष्ठा रोज पाहावी. ती पातळ पाण्यासारखी झाली तर कोंडा कमी करावा. नवे खाद्य भांड्यात तसेच उरत असेल तर ते अधिक ओले करून पाहावे. बहुधा तेवढ्याने काम होते.